काळी माती, जड पाणी, वीज नाही: घुमटाच्या हरितगृहात मासे आणि भाजी जमेल का?

कळमेश्वर_शिवार

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ कळमेश्वरच्या पुढे आमचं शेत आहे. सासऱ्यांच्या हातची थोडी संत्र्याची झाडं उरली आहेत, बाकी कापूस आणि तूर. विजेचा खांब दूर आहे आणि लवकर येईल असं वाटत नाही. बोअरवर सौर पंप आहे, म्हणजे पाणी दिवसाच. पाणी जड आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो. माती काळी, उन्हाळ्यात भेगांत मनगटापर्यंत हात जातो.

मला तिथे अ‍ॅक्वापोनिक्स करायचं आहे. माशांचं पाणी भाजीला आणि भाजीने स्वच्छ केलेलं पाणी परत माशांना. वरून त्रिकोणांचा घुमट. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या बर्फाच्या भागात लोक असे घुमट बांधून भरथंडीत भाजी काढतात, ते बघून हे मनात बसलं. मे महिन्यात आमच्याकडे सांबार (कोथिंबीर) आणि पालेभाजी आणायची म्हणजे हात आखडतो, आणि जी मिळते ती सुकलेली. घरचं भागून आठवडी बाजारात थोडं विकता आलं तर फार बरं होईल.

नागपूरच्या उन्हात घुमट चालेल का? केवढा बांधावा? पाइप घ्यावेत की बांबू? भाऊ चंद्रपूरकडे असतो, बांबू मिळवून देतो म्हणतो. मासे कोणते सोडावेत? आणि विजेशिवाय हे रात्री कसं चालतं? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी जरूर सांगा.

फिटर_उमरेडरोड

ताई, चालतो. माझा उमरेड रोडच्या शेतात उभा आहे. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो, निवृत्तीनंतर स्वतः बांधला. पण आधी कोलोरॅडोचं चित्र डोक्यातून काढा. तिथे दिवसाचं ऊन आत कोंडून रात्रभर पुरवायचं असतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बंद प्लास्टिकखाली बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं. त्यात भाजी जळते, पाणी तापतं, मासे मरतात. आपला घुमट सावली धरायला आणि वादळात टिकायला बांधायचा. सांगाडा तोच, पांघरूण मात्र आपल्या ऋतूंप्रमाणे बदलायचं.

वादळाचं मुद्दाम सांगतो, कारण घुमट निवडण्याचं खरं कारण तेच आहे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा सपाट छपराची शेडनेट कशी फाटून लोंबकळतात ते तुम्ही पाहिलं असेल. चौकोनाला कोपऱ्यात ढकललं की तो कलतो. त्रिकोण कलत नाही. पाइप वाकेल किंवा बोल्ट तुटेल तेव्हाच त्याचा आकार बिघडतो. घुमटाला वाऱ्यासमोर सपाट भिंतही नसते. बकमिन्स्टर फुलर यांना १९५४ साली अमेरिकेत याचं पेटंट मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधी जर्मनीत येना इथे तारांगणासाठी असा घुमट उभा राहिला होता. पद्धत जुनी आणि पारखलेली आहे, निर्धास्त राहा.

आता घुमट बाजूला ठेवा. सगळ्यात आधी रात्रीचा विचार करा, कारण मासे रात्रीच मरतात. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. ३० अंशाच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम, ३५ अंशाला सातच्या आसपास, आणि माशाला निदान पाच तरी हवा. म्हणजे हातात जागा किती थोडी आहे ते बघा. मासे, जिवाणू आणि मुळं मिळून हा साठा रात्रभर वापरतात. म्हणून पाण्याचा पंप थांबला तर एक वेळ चालेल, हवेचा पंप थांबून चालत नाही.

यातून माझा नियम निघाला: सगळी व्यवस्था एकाच हवेच्या पंपावर बसवायची. १२ व्होल्ट डीसी, साधारण ४० वॅटचा. त्याची हवा दोन वाटांनी जाते. एक वाट टाकीतल्या एअर स्टोनला, म्हणजे बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाला. दुसरी एका उभ्या पाइपच्या तळाशी, जिथे बुडबुडे पाण्याला सोबत घेऊन वर चढतात आणि वाफ्यात सोडतात. याला एअरलिफ्ट म्हणतात. पाण्यात एकही फिरता भाग नाही, त्यामुळे काही अडकत नाही, जळत नाही.

४० वॅट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ९६० वॅट-तास. सूर्य नसतानाचे चौदा तास धरले तर ५६०. १२ व्होल्ट १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीत १८०० वॅट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. रात्र आरामात निघते. पॅनल उन्हाळ्यासाठी मोजू नका, श्रावणासाठी मोजा. ३३० वॅटचे दोन घेतले आणि ढगाळ दिवशी अडीच तासांचंच पूर्ण ऊन धरलं, वर तीस टक्के घट धरली, तरी साडेअकराशेच्या घरात मिळतात. एका पॅनलवर हे भागत नाही. आणि दुसरा हवेचा पंप घरात डब्यात ठेवलेला असावाच. हा खर्च वाचवू नका, बाकी कुठलाही वाचवा.

टाकी जमिनीत घाला. दोन-तीन मीटर खोल जमिनीचं तापमान वर्षभर साधारण त्या गावाच्या सरासरीएवढं राहतं, नागपूरला ते २७ अंशांच्या आसपास आहे. माशांना हेच मानवतं, आणि हा गारवा फुकट आहे. माझी टाकी फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंटचा गिलावा), आतून २.४ मीटर व्यासाची, पाणी मीटरभर खोल. म्हणजे साडेचार हजार लिटर. काठ जमिनीच्या वर फूटभर, बाकी खाली. काळी माती पावसात फुगते आणि टाकीला दाबते, म्हणून खड्डा सगळीकडून फूटभर मोठा घ्या आणि मधल्या जागेत मुरूम भरा. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. पाणी भरायचं, ठेवायचं, सोडायचं, असं पीएच उतरेपर्यंत करत राहा. ही घाई महागात पडते.

एअरलिफ्टची एक अट आहे: पाइप जितका बुडलेला, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच पाणी नीट वर चढतं. मीटरभर पाण्यातून फूटभर. म्हणून वाफे बुटके ठेवायचे, विटांच्या एका थरावर. काम बसून करावं लागतं. पण उंच वाफ्यांसाठी पाण्याचा पंप घेतला की पॅनल वाढले, बॅटरी वाढली, आणि रात्रीची काळजीही वाढली.

बोटुकली_भंडारा

काकांनी श्वासाचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. आमचं घर ढिवराचं, तलावावर वाढलो. ताई, एक खूण लक्षात ठेवा. पहाटे उजाडायच्या आधी टाकीशी जा. मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील तर ऑक्सिजन संपत आला आहे. खाणं मागायला येतात तेव्हा पाण्यात उसळी असते. श्वासासाठी येतात तेव्हा सगळे एकाच जागी, अंग तिरपं करून, काठाला किंवा पाणी पडतं तिथे जमतात. त्या दिवशी खाद्य अजिबात टाकायचं नाही.

कोणते मासे? तिलापियाचं नाव सगळे घेतात, पण त्याच्या संवर्धनाला परवानगी लागते, ती काढल्याशिवाय आणू नका. थाई मांगूरवर तर देशात बंदी आहे, कोणी कितीही स्वस्त दिला तरी घ्यायचा नाही. पंगस उन्हाळ्यात चांगला वाढतो, कमी ऑक्सिजनही सोसतो, पण पाणी वीसच्या खाली गेलं की खाणं सोडतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तो नुसता जीव धरून असतो. तुम्ही पहिल्यांदा करत आहात तर सायप्रिनस (कॉमन कार्प) घ्या. थंडी सोसतो, ऊन सोसतो, तळाचं उकरून खातो. रोहू-कटला तलावात शोभतात; एवढ्या टाकीत त्यांची वाढ मनासारखी होत नाही.

जिरे (नुकती जन्मलेली बारीक पिल्लं) आणू नका, बोटुकली आणा, बोटाएवढी तरी. पिशवी आल्या आल्या फोडायची नाही. टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला, मग पिशवी आडवी करा. मासा स्वतःहून बाहेर पडला पाहिजे. आणि पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

मत्स्यविज्ञान महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे, तेलंखेडीला, माफसूचं (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ). पाणी बाटलीत भरून घेऊन जा आणि तुमच्या पाण्याबद्दल तिथेच विचारा.

कळमेश्वर_शिवार

तुम्ही दोघांनी एवढं मनापासून लिहिलंत, खूप आभार. संध्याकाळी सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. टाकी जमिनीत घालायचं त्यांना फार पटलं. ते म्हणाले, आमच्या जमिनीत चार-पाच फुटांवर मुरूम लागतो.

आता सांगाड्याचं विचारते. सहा मीटरचा घुमट करायचा तर पाइप किती, कसे कापायचे? बांबूचं काय? आणि जड पाण्याचं काय करू? मासे किती ठेवू, वाफे किती करू, हा हिशोबही मला जमत नाहीये.

मानवेल

बांबूपुरतं सांगतो. आपल्याकडचा मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, ताकदीला उत्तम. हिवाळ्यात तोडलेला, तीन वर्षांच्या वरचा घ्या. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवल्याशिवाय वापरला तर भुंगेरा पोखरून पिठासारखा भुसा पाडतो. भाऊ चंद्रपूरकडे आहेत तर चिचपल्लीच्या बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रात त्यांना एकदा पाठवा, प्रक्रिया समोर बघता येईल.

पण खरं सांगू? घुमटासाठी मी स्वतः बांबू नेमणार नाही. सगळे तुकडे तंतोतंत एका मापाचे लागतात आणि बांबूची टोकं कधी एकसारखी नसतात. त्यात आतला दमटपणा बोरॅक्स हळूहळू धुऊन काढतो. बांबू वेलांच्या मांडवाला, वाफ्याच्या काठाला आणि नेटच्या पट्ट्यांना वापरा.

फिटर_उमरेडरोड

मानवेल भाऊंशी सहमत. पाइपच घ्या. एक इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी), भिंत २ मिलिमीटर. इतवारीत लोहाओळीला दोन-चार दुकानं फिरा आणि वजनावर भाव करा. हलका पाइप नगावर स्वस्त दिसतो.

सहा मीटर व्यास म्हणजे त्रिज्या तीन मीटर. सगळ्यात सोपा घुमट घ्या, ज्याला टू-व्ही म्हणतात. त्यात फक्त दोन मापांचे पाइप असतात. लहान तीस, मोठे पस्तीस. लहानाचं माप त्रिज्येच्या ०.५४६५ पट, मोठ्याचं ०.६१८ पट. तुमच्यासाठी लहान १६४० मिलिमीटर, मोठा १८५४. हे माप भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतचं आहे, पाइपच्या टोकापासून नाही. भोकाच्या पुढे दोन्हीकडे २५ मिलिमीटर सोडा, म्हणजे कापायचे १६९० आणि १९०४. सहा मीटरच्या पाइपमधून दोन्ही मापांचे तीन-तीन तुकडे निघतात. दहा पाइप लहानांना, बारा मोठ्यांना, असे बावीस पाइप. लहानांच्या दहा पाइपमधून प्रत्येकी नऊशेच्या वर तुकडा उरतो, तो फेकू नका, पायांच्या आधाराला लागतो.

टोक चपटवायचं काम जीव लावून करा. व्हाइसमध्ये (पकडून दाबायच्या शिकंजात) पाइपचं टोक सुमारे ६० मिलिमीटर धरायचं आणि हळूहळू दाबायचं. हातोड्याने ठोकलं की जस्ताचा थर तडकतो आणि तिथूनच गंज धरतो. दाबल्यावरही बारीक चिरा पडतातच, म्हणून झिंकचा रंग दोन हात द्या, कडेला आणि भोकाच्या आतही. दोन्ही टोकं एकाच पातळीत चपटी झाली पाहिजेत. एक आडवं आणि एक तिरपं असेल तर तो पाइप गाठीत, म्हणजे पाइप एकत्र बोल्टने जोडतात तिथे, बसत नाही. मग भोक, १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १२.५ चं. शेवटी चपटा भाग थोडा वाकवायचा: लहान पाइपला १६ अंश, मोठ्याला १८. प्रत्येकाला टेप लावून मोजू नका. एका अँगलवर दोन खुंट्या वेल्ड करून फर्मा करा. पहिलं भोक एका खुंटीत अडकवलं की दुसऱ्याची जागा आपोआप ठरते. प्रत्येक पाइपमध्ये एक मिलिमीटरची चूक राहिली तरी शेवटचा बोल्ट लागत नाही. लहानांच्या मधोमध लाल रंगाचा पट्टा मारा.

जोडताना एकच नियम. ज्या गाठीत पाच पाइप येतात, तिथले पाचही लाल. अशा सहा गाठी आहेत: एक शेंड्याला, पाच खाली चहूबाजूंनी. उरलेले सगळे मोठे. जमिनीलगतच्या कड्यातले दहाही मोठेच. शेंड्यापासून सुरू करा. वरचं छत्र जमिनीवरच जोडायचं, चार-पाच जणांनी उचलून धरायचं आणि त्याखाली पुढचं कडं लावायचं, म्हणजे शिडीवर चढून काम करावं लागत नाही. शेवटचा बोल्ट लागेपर्यंत एकही नट पूर्ण आवळायचा नाही.

आता पाया. घुमट हलका असतो, त्याला खाली बसण्यापेक्षा वर उचललं जाण्याची भीती जास्त. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो होतो, आणि तुमचा पाया २६ चौरस मीटरचा आहे. म्हणून दहा गाठींखाली दहा खांब, दीड इंची पाइपचे. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. तुमच्याकडे चार-पाच फुटांवर लागतो ही चांगली गोष्ट आहे. खड्ड्याचा तळ कोरून रुंद करा, वर अरुंद ठेवा, मग काँक्रीट भरा. रूरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर पाइल (पायाचे खांब) काढल्या त्या याच तत्त्वावर: माती फुगली तरी खांब वर ढकलला जात नाही, आणि वाऱ्यालाही उपटता येत नाही.

खांब जमिनीच्या वर दोन फूट काढा. टू-व्ही घुमटाचे खालचे त्रिकोण तुमच्या मापात सव्वा ते दीड मीटरच उंच येतात, त्यातून माणूस आत जाऊ शकत नाही. दोन फूट उचलल्यावर एका भागातला खालचा आडवा पाइप काढून दार करता येतं, थोडं वाकून घमेलं घेऊन जाता येतं. मात्र तो पाइप काढायच्या आधी त्या दोन खांबांचे पाये जमिनीखाली काँक्रीटच्या पट्टीने बांधून घ्या, नाहीतर कडं उघडं पडतं. सरळ जमीनच दोन फूट खोल का करू नये, असं मनात येईल. काळ्या मातीत ते जुलैत पाण्याने भरतं.

जड पाण्याबद्दल. माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा आणि उरलेल्या खाद्यातला अमोनिया किती विषारी ठरतो ते पीएचवर आहे. ३० अंशाला, पीएच ७ असेल तर अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला सात-आठ भाग, ८.५ ला वीस. मासे तेच, खाद्य तेच, फक्त पाण्यामुळे विष वीस पटींच्या वर वाढलं. म्हणून शेतातल्या खोलीच्या टिनावरचं पावसाचं पाणी साठवा. आपल्याकडे टिनाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे हंगामात हजारेक लिटर पडतं. बोअरचं पाणी पूर्ण बंद मात्र करू नका. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि पीएच खाली ओढतात. थोडं जड पाणी ते सावरून धरतं. वाफ्यांत आपल्या काळ्या दगडाची २० मिलिमीटर गिट्टी भरा. दहा चौरस मीटर, फूटभर खोल, म्हणजे एक ब्रासच्या थोडी वर. घ्यायच्या आधी मूठभर गिट्टीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुनखडी आहे, ती नको. उतरवल्यावर धूळ निघेपर्यंत धुवा. विटा फ्लाय-अ‍ॅशच्या असतील तर फक्त बाहेरून आधाराला लावा, पाण्याशी संबंध येऊ देऊ नका.

किती मासे? हिशोब भाजीकडून करा. पालेभाजीच्या चौरस मीटरला रोज ५० ग्रॅम खाद्य पुरतं. दहा चौरस मीटरला अर्धा किलो. मासे रोज वजनाच्या दीड-दोन टक्के खातात, म्हणजे २५ ते ३३ किलो मासे. साडेचार हजार लिटरला हे विरळ आहे, आणि विरळच हवं. तुम्हाला नफा भाजीतून होणार आहे, माशांना त्यांची जागा द्या. दाट भरलं तर पंप बंद पडल्यावर पळायलाही वेळ मिळत नाही.

कळमेश्वर_शिवार

काका, फर्म्याची गोष्ट गावच्या वेल्डिंगवाल्याला सांगितली, तो लगेच तयार झाला. आता फक्त मे महिना सांगा. मला भीती त्याचीच आहे. तेव्हा आत नेमकं काय करता? आणि काय लावता?

फिटर_उमरेडरोड

मेचं सविस्तर सांगतो, कारण नागपुरात हे सगळं मेवरच ठरतं.

आधी सूर्य कुठे असतो ते बघा. २६ मेच्या सुमारास दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. नवतप्याचे दिवसही तेच. म्हणजे तेव्हा ऊन बाजूने येत नाही, शेंड्यातून येतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला, ४५ अंशांवर उतरलेला असतो. त्यामुळे घुमटाचे दोन भाग धरा. चाळीस त्रिकोणांपैकी वरचे वीस आणि खालचे वीस. खालच्या विसांना बारा महिने फक्त नेट. वरच्या विसांचं पांघरूण बदलायचं. मार्च ते पाऊस लागेपर्यंत ५० टक्के शेडनेटचे दोन थर, मधे वीतभर अंतर ठेवून, प्लास्टिक अजिबात नाही. पावसाळ्यात एक थर काढून २०० मायक्रॉनचं यूव्ही प्लास्टिक, कारण मुसळधार पावसात पालेभाजी झोपते. हिवाळ्यात तेच प्लास्टिक, शेडनेट पूर्ण काढून, आणि रात्री उत्तर-पश्चिमेला खालीही पडदा. शेंड्याचे पाच त्रिकोण बिजागरीवर ठेवा. गरम हवेला वर वाट मिळाली की खालून गार हवा आपोआप ओढली जाते, त्याला वीज लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचा अंदाज आला तर नेट प्लास्टिकच्या वर ओढून घ्या.

गरम वारा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूच्या खालच्या चार-पाच त्रिकोणांना वाळ्याची ताटी बांधा, कूलरला लावतो तीच खस. वर छिद्रांचा बारीक पाइप, बोअरच्या सौर पंपाच्या टाकीतून थेंब थेंब पाणी. एक लिटर पाणी उडताना हवेतली जवळपास २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. मेची हवा इतकी कोरडी असते की हे फार चांगलं चालतं. जुलैत ताट्या काढून ठेवायच्या, तेव्हा हवेत ओल असते आणि खस कुजते.

आणि जे कोणी सांगत नाही ते: मेमध्ये पाणी रात्री फिरवा. दिवसा वाफ्यातली गिट्टी तापते, तिच्यातून फिरून आलेलं पाणी टाकी तापवतं. म्हणून सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच एअरलिफ्टचा व्हॉल्व्ह जवळजवळ मिटवायचा, मुळं ओली राहतील एवढंच पाणी. ती सगळी हवा टाकीतल्या एअर स्टोनला जाऊ द्यायची, माशांना तेव्हा तीच हवी असते. सूर्य मावळला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. बाहेर ४५ अंश आणि हवेत ओल पंधरा टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान २३-२४ च्या आसपासच असतं. रात्रभर गिट्टीवरून झिरपणारं पाणी त्या दिशेने गार होत जातं. सकाळी टाकीत हात घातला की फरक हाताला कळतो. गिट्टीवर तणसाचा थर पसरा. टाकीवर झाकण ठेवा, निम्म्या भागावर तरी, नाहीतर उन्हाळ्यात रोज खूप पाणी उडून जातं आणि मागे क्षार साठत राहतात.

लावायचं काय? मेमध्ये पालक-मेथीचा हट्ट धरू नका. लाल माठ, अंबाडी, चिवळ आणि पुदिना लावा. ही उन्हाची माणसं आहेत. सांबार दोन थरांच्या सावलीत, ताटीच्या जवळच्या वाफ्यात येतो, पाठोपाठ थोडा थोडा पेरत राहावा लागतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. जड पाण्यात डीटीपीए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, ईडीटीए तिथे टिकत नाही.

आता फेब्रुवारी चालू आहे. मेपर्यंत खड्डे, टाकी आणि सांगाडा करून घ्या. या मेमध्ये मासे नकोत. पाऊस लागला की टाकी भरा, चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्या आणि जिवाणूंना चार ते सहा आठवडे द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं की वर बोटुकली_भंडारा यांनी सांगितली तशी बोटुकली आणा. ऑगस्टमध्ये सोडलेले मासे पुढच्या मेला चांगले तयार असतील आणि तुमचाही हात बसलेला असेल.

१६४० आणि १८५४ चा फर्मा माझ्याकडे तयार आहे, माझाही घुमट सहाच मीटरचा. नवा करू नका. वेल्डिंगवाल्याला सोबत घेऊन या, व्हाइसवर दोन पाइप त्याच्याकडूनच चपटवून घेऊ, मग फर्मा घेऊन जा.

बोटुकली_भंडारा

पावसाळ्यात बोटुकली कुठून घ्यायची ते जुलैत इथेच विचारा ताई, मी सांगेन. पिशव्या पहाटेच निघतात, त्यामुळे टाकी आदल्या रात्री तयार ठेवा.